इवल्या इंजिनाची घरघर

दक्षिण तुकोगंजातल्या आमच्या घरापासून इंदूरचं रेल्वे स्टेशन फार लांब नाही. रात्री रीगल चौकाकडची रहदारी थंडावली की इंजिनांचे हॉर्न घरात ऐकू येतात. पण त्या खऱ्या गाड्यांनी आमची झोपमोड कधी केली नाही. ती केली माझ्या खोलीतल्या गाडीनं.

डब्ल्यूडीएम-२ हे आपल्या रेल्वेचं जुनं, भरवशाचं डिझेल इंजिन. लांबी सतरा मीटर, वजन ११२ टनांच्या वर. माझ्याकडे त्याचं मॉडेल आहे, १:८७ या प्रमाणातलं. हौशी मंडळी या प्रमाणाला 'एचओ' म्हणतात. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं, १ एप्रिल १९९८ला लोकांसाठी खुलं झालेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय याच प्रमाणातलं आहे. या मापात सतरा मीटरचं इंजिन वीस सेंटिमीटरचं होतं आणि वजन अर्धा किलोही भरत नाही. तरी ते सुरू केलं की आई आतून विचारायची, "गाडी चालवतोयस की चटणी वाटतोयस?"

प्रश्न रास्त होता. एवढीशी वस्तू, एवढीशी मोटर, आणि आवाज मिक्सरचा. मी सगळे करतात तेच केलं, तेल सोडलं. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी घरघर परत. शेवटी इंजिन घेऊन एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. एक पेचकस घेतला, त्याचं टोक इंजिनाच्या धातूच्या सांगाड्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून मला वीज देऊन चाकं फिरवायला सांगितली. मोटार मेकॅनिक इंजिनाचा आवाज ऐकतात तसंच. मग डोळे उघडून म्हणाले, "भिया, तेल बाद में. पहले गिनो."

आधी मोजा. आवाज मोजायचा असतो हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

चाकं तीच, मोटर वेगळी

थोडं गणित करू. डब्ल्यूडीएम-२च्या चाकाचा व्यास १०९२ मिलिमीटर, म्हणजे घेर सुमारे ३.४३ मीटर. ताशी १०० किलोमीटर वेगानं जाताना हे चाक सेकंदाला सुमारे आठ फेरे घेतं. मॉडेलचं चाक ८७ पटींनी लहान, त्याचा वेगही ८७ पटींनी कमी, त्यामुळे तेही सेकंदाला आठच फेरे घेतं. इथपर्यंत लहान आणि मोठं इंजिन एका लयीत आहेत.

फरक पडतो मोटरीत. खऱ्या इंजिनात मोटर धुरीला जवळजवळ खेटून बसते आणि मध्ये दातेरी चाकांची एकच जोडी असते: मोटरीकडच्या चाकाला १८ दाते, धुरीवरच्या चाकाला ६५. म्हणजे चाक एकदा फिरतं तेव्हा मोटर साडेतीनपेक्षा थोडी जास्त वेळा फिरते. अंगठ्याएवढ्या मोटरीत मात्र एवढा पीळ नसतो. तिला ताकद भरून काढावी लागते ती पळून, जसा लहान मुलगा मोठ्यांच्या बरोबर चालताना एका पावलाला चार पावलं टाकतो. मॉडेलमध्ये हे प्रमाण साधारण १५ला १ धरा. चाक सेकंदाला आठ वेळा फिरलं की मोटर फिरते १२२ वेळा. मिनिटाला सात हजारांच्या वर! खऱ्या इंजिनाची मोटर त्याच वेगाला सेकंदाला २९ वेळा फिरत असते.

हा वेग उतरवून चाकाला द्यायला मॉडेलमध्ये 'वर्म' वापरतात. वर्म म्हणजे स्क्रूसारखे आटे पाडलेला छोटा दांडा. तो एका दातेरी चाकावर आडवा टेकतो. वर्मचा एक फेरा झाला की चाक फक्त एक दाता पुढे सरकतं. चाकाला १५ दाते असतील तर पंधरा फेऱ्यांना एक फेरा झाला. एवढ्याशा जागेत वेगही उतरला आणि फिरण्याची दिशाही काटकोनात वळली. मोटर इंजिनाच्या लांबीत आडवी, चाकांच्या धुऱ्या रुंदीत, म्हणून ते वळण लागतंच.

आता ऐका. वर्मच्या प्रत्येक फेऱ्याला एक दाता, म्हणजे सेकंदाला १२२ दाते. प्रत्येक दाता आपल्या जागी बसताना बारीकशी थाप देतो. सेकंदाला १२२ थापा कानाला सुट्या ऐकू येत नाहीत, त्यांचा सूर होतो. कुठला? हार्मोनियमवर खर्जाच्या सप्तकातली पांढरी सात साधारण १२३ला वाजते. माझं इंजिन ताशी शंभराला पांढरी सात लावतं. वेग निम्मा केला की बरोबर एक सप्तक खाली उतरतं.

लय कुणाची, दोष त्याचा

घड्याळजींचं मोजणं ते हेच. इंजिनातला प्रत्येक भाग आपापल्या लयीत फिरतो. मोटर १२२, चाक आठ. बिघडलेला भाग आवाज करतो तोही आपल्याच लयीत. तेव्हा आवाजाची लय सापडली की तो कुठला ते कळतं, आणि इंजिन उघडण्याआधीच कळतं.

मोजायचं तर इंजिन अतिविलंबित लयीत चालवायला हवं. अतिविलंबित गाणाऱ्या अमीर खाँसाहेबांच्या इंदुरात हे कुणाला शिकवावं लागू नये. चाकाच्या कडेवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्या. मॉडेलच्या हिशेबानं ताशी वीसच्या वेगाला चाक तीन सेकंदांत जेमतेम पाच फेरे घेतं. आवाजातली 'टक्' आणि ठिपका जर एकदमच वर येत असतील तर दोष चाकाच्या धुरीवर आहे. माझ्या इंजिनाचं तसंच निघालं. धुरीवर दाबून बसवलेलं प्लास्टिकचं दातेरी चाक एका जागी तडकलं होतं. तडा डोळ्याला दिसेना, नखाला लागला. तडकलेल्या जागी दोन दात्यांमधलं अंतर केसभर वाढतं, आणि त्या जागी समोरचा दाता आला की तो अडखळून पुढे जातो. दर फेऱ्याला एक ठेच. तेलानं ते बरं होणार कसं?

अशी चाकं तडकतात याचं कारण साधं आहे. प्लास्टिक धातूच्या धुरीवर घट्ट चढवलेलं असतं, म्हणजे ते कायम ताणलेलं असतं. अंगठी बोटात अडकली आहे आणि बोटाऐवजी अंगठीच ताणली जाते आहे अशी कल्पना करा. वर्षानुवर्षं ताण सोसून ती सर्वांत बारीक जागी, म्हणजे दोन दात्यांच्या खाचेत सुटते. यावर चिकटवणं हा उपाय नाही, चाक बदलणं हाच.

---
चौकट: आवाज काय सांगतो?

वेग वाढला की सूर चढतो: वर्म, मोटर किंवा त्यांची बेअरिंगं.

चाकाच्या दर फेऱ्याला एकदा टक्: धुरीवरचं दातेरी चाक तडकलंय, किंवा दात्यांत कचरा अडकलाय.

रुळाच्या ठरावीक जागीच आवाज: इंजिन निर्दोष, रुळाचा सांधा बघा.

एकाच दिशेला किंवा उतारावरच खडखड: वर्म मागेपुढे सरकतोय.

एका ठरावीक वेगालाच घुमतं, पुढे-मागे नाही: इंजिनाचा पोकळ टप किंवा रुळांखालची फळी घुमते आहे.

वेग बदलला तरी गुणगुणीचा सूर तोच: दोष यंत्रात नाही, विजेत आहे.

---

बोटांत बोटं

दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफा. घट्ट दाबून सरकवलीत तर कातडी घासते. अगदी सैल धरलीत तर बोटं एकमेकांवर आपटतात. दात्यांचंही तसंच. फार जवळ बसवले तर रडका, कण्हल्यासारखा सूर येतो आणि मोटर तापते. फार दूर बसवले तर खुळखुळतात. तानपुऱ्यात जवारी लागते ती तार घोडीला लागते-सुटते, लागते-सुटते म्हणूनच. सैल दात्यांत तेच चालतं. फक्त तिथं ती जवारी आपल्याला नको असते.

योग्य फट किती? मोजपट्टीनं नाही सापडायची. हौशी लोक एक युक्ती करतात: पातळ कागदाची पट्टी दोन दातेरी चाकांमध्ये घालून चाकं एकमेकांवर दाबायची, तिथेच आवळायची आणि मग चाकं फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर दात्यांचे ठसे उठलेले असले पाहिजेत, पण ती फाटलेली नको. कागदाच्या जाडीएवढी फट आपोआप मिळते. माझी पहिली पट्टी फाटली. दुसरी अशी सुरेख निघाली, कुरडईच्या साच्यातून आल्यासारखी, की मी ती वहीत जपून ठेवली आहे.

वर्मची आणखी एक अडचण आहे. साध्या दातेरी चाकांत दाते एकमेकांवर बहुतेक लोळतात. वर्मचे आटे मात्र दात्यांवरून घसरत जातात, विळीवर भाजी सरकावी तसे. म्हणून त्याला वंगण लागतंच. कारखान्यात भरलेलं ग्रीस दहा-पंधरा वर्षांत थिजलेल्या तुपासारखं होतं, दात्यांच्या कडेला साचतं आणि नेमक्या घासल्या जाणाऱ्या जागा कोरड्या राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, ग्रीस भरपूर आहे की! ते सगळं काढून, प्लास्टिकची चाकं साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशनं धुऊन, कोरडी करून नवं लावावं. किती? टाचणीच्या डोक्याएवढं. आणि प्लास्टिकला चालणारंच, कारण काही वंगणांनी काही प्लास्टिकं फुगतात नाहीतर ठिसूळ होतात. दात्यांना ग्रीस, बेअरिंगला तेलाचा थेंब. मोटरीत जिथे कार्बनचे ब्रश टेकतात तिथे काहीच नाही. तिथे तेल गेलं की कार्बनच्या भुकटीचा चिखल होतो.

नव्या इंजिनाच्या दात्यांवर साच्याची कुसं राहिलेली असतात. काहीजण ती घालवायला दात्यांत टूथपेस्ट लावून इंजिन थोडा वेळ चालवतात. पेस्टमधली बारीक भुकटी दाते घासून गुळगुळीत करते. उपाय खरा आहे. पण नंतर ती पेस्ट कणन्‌कण धुवावी लागते, नाहीतर दातेच झिजत राहतात. मला तो उपाय आवडत नाही. दात घासण्याची वस्तू दातांपुरती राहू द्यावी.

पातालपानीचा उतार

इंदूरकरांना उतार म्हटलं की पातालपानी आठवतं. तिथून कालाकुंडकडे मीटरगेजचा रूळ घाटात उतरतो तो १:४० या उतारानं, चाळीस मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. या लाइनला होळकरांचा पैसा लागलेला आहे. दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्क्यांनी १०१ वर्षांच्या मुदतीनं दिले होते. आमच्या तुकोगंजाच्या नावातही एक तुकोजीराव, आणि घाटातल्या रुळाला तुकोजीरावांचे पैसे!

खोलीत ज्या फळीवर रूळ मांडले आहेत, तिच्यावर मी हौसेनं हाच उतार केला. चढताना इंजिन मुकाट चढायचं. उतरताना मात्र खडखड, धडधड, आणि गाडी उचक्या लागल्यासारखी चालायची. कारण वर्ममध्ये आहे. स्क्रू फिरवला की तो लाकडात पुढे जातो. वर्मही स्क्रूच, पण त्याला पुढे जायला जागा नाही म्हणून तो दाता ढकलतो. दात्याला ढकलताना स्वतः उलट्या बाजूला रेटला जातो, आणि त्याच्याबरोबर मोटरीचा सगळा आस. चढावर हा रेटा सतत एकाच बाजूला असतो. उतारावर डबे मागून इंजिनाला ढकलू लागतात आणि रेटा उलटतो. पण वर्म चाकाला फिरवू शकतो तसं चाक वर्मला सहसा फिरवू शकत नाही. मग आस क्षणभर पुढे, क्षणभर मागे, असा दोन्हीकडच्या बेअरिंगवर आपटत राहतो.

यावर उपाय म्हणजे वॉशर, दिवाळीच्या टिकलीपेक्षा लहान. आस आणि बेअरिंग यांच्यामध्ये एकेक बारीक वॉशर सरकवत जायचं, आस बोटानं मागेपुढे ढकलून पाहायचा. हालचाल जाणवेल न जाणवेल इतकी उरली की थांबायचं. पूर्ण बंद केली तर आस आवळला जातो आणि मोटर धापा टाकते. पहिल्या प्रयत्नात माझं एक वॉशर फरशीवर पडलं. दिवाणाखाली विजेरी घेऊन मी आणि आई अर्धा तास शोधत होतो. सापडलं ते माझ्याच चपलेला चिकटलेलं.

केसाएवढं वजन

मोटरीच्या आसावर पितळेचं एक जड चाक बसवतात, फ्लायव्हील. रुळावर धूळ येऊन वीज क्षणभर तुटली तरी त्याच्या वेगानं गाडी पुढे सरकते. कुंभाराचं चाक काठी काढल्यावरही फिरत राहतं तसं. चाक वर्मला फिरवू शकत नसल्यामुळे फ्लायव्हील मोटरीच्याच बाजूला असावं लागतं, आणि तिथे वेग भयंकर. समजा ते दहा ग्रॅमचं आहे आणि त्याचं भोक मध्यापासून ०.०५ मिलिमीटर सरकलंय, बारीक केसाच्या जाडीएवढं. सेकंदाला १२२ फेऱ्यांना ते आसाला सुमारे ३० ग्रॅम वजनाच्या जोरानं ओढतं, आपल्या वजनाच्या तिप्पट, आणि दर फेऱ्याला दिशा बदलत. वेग दुप्पट केला तर हा जोर चौपट होतो. म्हणून असं इंजिन हळू चालताना गुणी असतं आणि पळवलं की थरथरतं.

मोटरीपासून बोगीतल्या वर्मपर्यंत दांडा जातो त्याला ट्रकसारखेच क्रॉस-जॉइंट असतात. असा जॉइंट वाकलेला असला की दांडा एका फेऱ्यात दोनदा घाई करतो आणि दोनदा रेंगाळतो. दोन्ही टोकांचे जॉइंट एकाच रोखात बसवले तर एकाची घाई दुसरा खोडून काढतो. पाव फेरा चुकवून बसवले तर दोघांच्या चुका एकत्र होतात. ट्रक मेकॅनिक दांडा उतरवण्याआधी खडूनं खूण करतात ती याचसाठी.

भोपळा

आता खरी गंमत. वरचे सगळे दोष काढल्यावर इंजिन हातात धरून चालवलं, आणि ते जवळजवळ मुकं! रुळावर ठेवलं, पुन्हा घरघर. इंजिन तेच, वेग तोच.

तानपुऱ्याची तार भोपळ्याशिवाय ताणून छेडा, शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही. तार बारीक असते, ती हवा कापत जाते, हलवत नाही. भोपळा आणि त्यावरची तबली तारेचा कंप घेऊन पुष्कळ हवा हलवतात, तेव्हा खोली भरते. आवाजाला दोन गोष्टी लागतात: थरथरणारं काहीतरी आणि ती थरथर पसरवणारं काहीतरी मोठं. माझ्या इंजिनाची मोटर ही तार होती. पहिला भोपळा होता इंजिनाचा प्लास्टिकचा पोकळ टप. दुसरा, त्याहून कितीतरी मोठा, रुळांखालची आठ फुटी प्लायची फळी. खाली चौकट, मध्ये हवा. मी नकळत एक पखवाज बांधून त्यावर रूळ ठोकले होते!

टपाचं काम सोपं. तो सांगाड्याला जिथे टेकतो तिथे मऊ फोमच्या टेपचे तुकडे लावले. मोटरही धातूवर थेट न आवळता सिलिकॉनच्या बुशांवर बसवता येते. फार मऊ मात्र नको. मोटर डुलू लागली तर तिचा आस आणि वर्मचा दांडा एका रेषेत राहत नाहीत, मग आपण एक आवाज मिटवून दुसरा विकत घेतो.

फळीनं मला महिना खाल्ला. रुळाखाली कॉर्क घालतात हे माहीत होतं, घातलं. फरक नाही. मग लक्षात आलं की कॉर्कमधून आरपार जाणाऱ्या खिळ्यांनी रूळ फळीला शिवले गेले आहेत. थरथर कॉर्कमध्ये अडकत होती, पण खिळ्यांच्या जिन्यानं खाली उतरत होती. खिळे काढले. थोडं बरं वाटलं. तरीही घरघर होतीच. राहिली होती खडी. रुळांच्या कडेला बारीक खडी पसरून मी ती सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदानं पक्की केली होती. हा गोंद पाण्यात पातळ करून ओतला की खडीतून झिरपतो, सुकला की दगडासारखा कडक होतो, आणि रुळापासून फळीपर्यंत एक अखंड भिंत उभी राहते, कॉर्कला वळसा घालून. सगळी खडी कोमट पाण्यानं भिजवून खरवडली. या वेळी रबरासारखा लवचिक राहणारा गोंद वापरला, आणि खडी फळीला टेकू न देता कॉर्कच्या कडेवरच थांबवली. कॉर्कखाली जुन्या योगाच्या चटईची एक पट्टी.

त्या रात्री गाडी चालू केली तेव्हा आई आतून काही बोलली नाही.

पंख्याचा रेग्युलेटर

एक बारीक गुणगुण उरली. वेग कमी करा, वाढवा, सूर तोच. म्हणजे ती कुठल्याही फिरणाऱ्या भागाची नव्हती. घड्याळजींच्या हिशेबात ती बसेना.

हिचं घराणं आपल्या सगळ्यांच्या माहितीतलं आहे. काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावले की छताचा पंखा हळू वेगाला गुणगुणतो. कारण असे रेग्युलेटर वीज कमी करत नाहीत, तिचे तुकडे करतात. जरा वेळ चालू, जरा वेळ बंद. दर तुकड्याला पंख्याच्या गुंडाळ्यांना एक धक्का बसतो, आणि त्या धक्क्यांचा सूर होतो. मॉडेलच्या इंजिनात बसवलेली नियंत्रक सर्किट-पट्टी, डिकोडर, मोटरीचा वेग असाच तुकडे पाडून ठरवते. तुकडे सेकंदाला शंभर-दोनशे असतील तर मोटरीच्या गुंडाळ्या त्याच सुरात गातात. तुकडे वीस हजारांच्या आसपास नेले की सूर आपल्या कानांच्या पलीकडे जातो. गुंडाळ्या थरथरतातच, आपल्याला फक्त ऐकू येत नाहीत. बहुतेक नव्या डिकोडरमध्ये ही सोय असते. माझ्यातही होती, बंद ठेवलेली. एक आकडा बदलला आणि गुणगुण गेली.

आता खोलीत गाडी फिरते तेव्हा ऐकू येते ती रुळांच्या सांध्यांवरची टक्-टक्, टक्-टक्. आणि तिच्यामागे, आजवर कधी लक्षातच न आलेली, डोक्यावरच्या पंख्याची गुणगुण. उद्या त्याचा रेग्युलेटर बदलायला माणूस येणार आहे.